जुन्नरला चार दिवस: दिवसाला एकच चढ

माझ्या पहिल्या जुन्नर सहलीच्या कागदावर दोन दिवसांत पाच किल्ले, दोन अष्टविनायक आणि नाणेघाट असं सगळं होतं. ऑगस्टमधला रविवार होता. नाणेघाटाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडीच तास गेले, वडिलांचा गुडघा सुजला आणि पाचांपैकी एकच किल्ला झाला, तोही धावतपळत. तेव्हापासून एक नियम पाळतोय: मुक्काम एकाच जागी, दिवसाला एकच चढ आणि तो सकाळी दहाच्या आत संपवायचा. उरलेला दिवस गाडीतून बघण्यासारख्या गोष्टींना, जेवणाला आणि शेतात बसायला. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबाला झेपेल असा, तीन रात्री आणि चार दिवसांचा बेत पुढे देतोय.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. दिवाळीच्या आगेमागे पश्चिमेकडच्या खाचरांत भातकापणी चालू असते, उतारांवर सोनकीचा पिवळा सडा असतो आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटरच नव्हे, कानटोपीसुद्धा घ्या.

पावसाळा सुंदर, पण तो सुट्टीच्या वारी नको. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी माळशेज आणि नाणेघाटात जत्रा भरते आणि प्रशासन मध्येच बंदीचे आदेशही काढतं. पावसातच जायचं तर मंगळवार-बुधवार धरा आणि निघण्याआधी मुक्कामाच्या मालकांना फोन करून रस्त्याची चौकशी करा.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती. त्या दिवशी शिवनेरीवर जाण्याचा अनुभव वेगळाच असतो, पण तो गर्दीचा अनुभव आहे, किल्ला बघण्याचा नाही. तिथीने होणाऱ्या जयंतीचंही तेच.

मुक्काम कुठे करायचा

तालुक्याचे ढोबळमानाने दोन भाग आहेत. पूर्वेकडे नारायणगाव, आळेफाटा, बेल्हे हा बागायती पट्टा: ऊस, टोमॅटो, द्राक्षं, महामार्ग आणि चहाच्या टपऱ्या. पश्चिमेकडे आपटाळ्याच्या पुढे डोंगर, भातशेती, धरणांचं पाणी आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. कृषी पर्यटनाच्या जागा बहुतेक पूर्वेला आहेत, किल्ले आणि घाट बहुतेक पश्चिमेला. नारायणगावाच्या पलीकडे राहिलात तर रोज सकाळी आधी तासभर गाडीत जाणार. म्हणून माझी पसंती जुन्नर शहराच्या पाच-सात किलोमीटरच्या आतल्या शेतघराला.

आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारा. घर गावठाणात आहे की शिवारात? शिवारात असेल तर भोवती कुंपण आहे का? आंघोळीचं पाणी बंबाचं की सोलरचं? (ढगाळ दिवशी सोलरवाले गप्प बसतात.) वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? सकाळी साडेसहाला चहा-पोहे मिळतील का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असं आलं तर दुसरी जागा बघा, कारण आपला सगळा बेत त्या साडेसहावर उभा आहे.

कुंपणाचं विचारायचं कारण बिबट्या. इथली जुनी माणसं त्याला सरळ 'वाघ' म्हणतात. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याच्या पिढ्याच्या पिढ्या उसात जन्मल्या. माणिकडोहला वन खात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे ते याचमुळे. घाबरून सहल रद्द करण्याची गरज नाही, पण अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणात सोडू नका, उसाच्या कडेने शतपावली करू नका, उघड्यावर झोपण्याची हौस नको. बाहेर पडावंच लागलं तर दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी घेऊन, मोठ्याने गप्पा मारत जा. रात्री कुत्री अचानक एकदम भुंकायला लागली की आत या, असं मला एका शेतकऱ्याने सांगितलं होतं. ते मी पाळतो.

पोचायचं कसं

पुण्याहून नाशिक महामार्गाने नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर, तिथून डावीकडे वळून जुन्नर आणखी १५. चाकण आणि राजगुरुनगरची वाहतूक कोंडी चुकवायची तर पहाटे सहाला पुणं सोडा. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेज चढून यावं आणि बनकर फाट्यावरून गणेशखिंडीमार्गे जुन्नरला उतरावं. एसटीने नारायणगावपर्यंत भरपूर गाड्या आहेत, जुन्नरलाही मिळतात, पण पश्चिमेकडच्या गावांना दिवसातून मोजक्याच. गाडी नसेल तर तिसऱ्या दिवसापुरती जुन्नरहून जीप ठरवा.

जुन्नरच्या पुढे पेट्रोल आणि एटीएमच्या भरवशावर राहू नका. घाटघरच्या आसपास मोबाईलची रेंजही जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पहिला दिवस: पोचा आणि शहर फिरा

दुपारी पोचलात की जेवून थोडं पडा आणि चारनंतर जुन्नर शहरात जा. लोक या शहराला शिवनेरीच्या पायथ्याचं गाव समजून ओलांडून जातात. पण मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फुटून निजामशाही उभी केली ती इथूनच, अहमदनगर त्यानंतरचं. शहराच्या पूर्वेला सौदागर घुमट नावाची त्या काळातली देखणी वास्तू आहे. दगडी भिंतींवर कोरीव महिरपी, वर मोठा घुमट आणि आजूबाजूला शेतं. संध्याकाळच्या उन्हात दगड मधासारखा दिसतो. अर्धा तास पुरतो.

घरी परतताना मालकिणीला एक सांगून ठेवा: उद्या रात्री मासवडी हवी. आयत्या वेळी मागितली तर मिळत नाही, आणि का मिळत नाही ते स्वयंपाकघरात उभं राहून बघण्यासारखं आहे. बेसन तिखट-मीठ घालून पिठल्यापेक्षाही घट्ट शिजवतात. ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने थापतात. हात पाण्यात बुडवायचा, थापायचा, पुन्हा बुडवायचा. त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, परतलेला कांदा, लसूण आणि कोथिंबिरीचं सारण पसरतात. मग फडक्याची एक कड उचलून वडी स्वतःवरच दुमडतात आणि फडक्यातूनच दाबत तिला माशासारखा आकार देतात, म्हणून मासवडी. बाकी माशाचा काही संबंध नाही. गार झाल्यावर सुरीने तुकडे. ते झणझणीत रश्श्यात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खायचे. रस्सा मुलांसाठी वेगळा, कमी तिखट करायला सांगा. 'थोडंच तिखट असतं' यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा दिवस: शिवनेरी

साडेसहाला चहा, सात-सव्वासातला पायथा. रस्ता बराच वर जातो, तिथून पायऱ्या. वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. बेताच्या चालीने वर पोचायला पाऊण ते एक तास. आजी-आजोबांना प्रत्येक दरवाजात बसायला जागा आहे, त्यामुळे घाई न केल्यास ते आरामात येतात. साखळीची वाट नावाची दुसरी वाट कड्यावरून जाते. ती सवयीच्या लोकांसाठी आहे, कुटुंबासाठी नाही, आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

पाच दरवाजे ओलांडल्यावर मुख्य वाट सोडून बाजूला शिवाई देवीच्या देवळाकडे वाट फुटते. देऊळ कड्यातल्या गुहेत आहे. जिजाबाईंनी या देवीवरून मुलाचं नाव शिवाजी ठेवलं, अशी परंपरा आहे. देवळाच्या आसपासच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत, ती किल्ल्यापेक्षा शेकडो वर्षांनी जुनी. इथल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्याचं कोरलं आहे. यवन म्हणजे इथे ग्रीक वंशाचा परदेशी. घाटमाथ्यावरच्या या गावात तो काय करत होता, हे मुलांनी विचारलं तर उत्तर उद्यावर ढकला. ते नाणेघाटात सापडतं.

वर गेल्यावर क्रम असा ठेवा: आधी अंबरखान्याचे, म्हणजे धान्यकोठाराचे अवशेष, मग गंगा-जमुना टाकी, शिवकुंजातला जिजाबाई आणि बाल शिवाजींचा पुतळा, कमानी मशीद, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव आणि सगळ्यात शेवटी कडेलोट टोक. टोकाकडे वारा जोरात असतो, मुलांचा हात धरा. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय इथे जन्मले हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या हयातीत हा किल्ला स्वराज्यात आलाच नाही, हे वर गेलेल्या दहांपैकी नऊ जणांना माहीत नसतं. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला, पण किल्ला मोगलांकडेच राहिला आणि शाहूंच्या काळात, १७१६ मध्ये मराठ्यांना मिळाला. १६७० च्या दशकात मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर लिहितो की, हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतकी शिधासामग्री इथे होती. अंबरखान्यासमोर उभं राहून हे वाचलं की पडक्या भिंती भराभर उभ्या राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी आहे.

एक सावधगिरी: कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि माशा उठल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. अत्तर-परफ्यूम लावून जाऊ नका, वर धूर किंवा आरडाओरडा करू नका. माशा उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीने किंवा रुमालाने झाकून तिथून लांब व्हा. हातवारे करून हाकलायला गेलात तर जास्त चावतात.

दहा-साडेदहाला खाली. दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी शेतात: पाट सोडणं, गोठा, हंगाम असेल तर टोमॅटोची तोडणी. मुलांना किल्ल्यापेक्षा हे जास्त आठवतं, निदान माझ्या घरात तरी. रात्री मासवडी.

तिसरा दिवस: चावंड, कुकडेश्वर, नाणेघाट

हा दिवस पश्चिमेचा, आणि चार दिवसांतला माझा सगळ्यात आवडता. जुन्नरहून आपटाळ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात माणिकडोह धरणाचा फुगवटा डाव्या-उजव्या हाताला चमकायला लागतो. डब्यात भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी, आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

चढ एकच, त्यामुळे इथे गटाचे दोन भाग करा. धडधाकट मंडळी चावंडवर, बाकीचे पायथ्याच्या वाडीत सावलीला. चावंडच्या पायऱ्या १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. मराठ्यांचे किल्ले पुन्हा लढायला उभे राहू नयेत म्हणून त्यांनी वाटाच तोडल्या. शेजारच्या जीवधनचंही तेच केलं. आता रेलिंग आहे, पण तुटलेल्या पायऱ्यांच्या टप्प्यावर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून कॅमेरा पिशवीत, काठी खाली. पाऊस पडून गेलेला असेल तर हा टप्पा शेवाळाने निसरडा होतो, तेव्हा सरळ परत फिरा. आम्ही एकदा फिरलो आहोत, लाज वाटली नाही. वर सप्तमातृकांच्या नावाची सात टाकी एका गटात खोदलेली आहेत आणि चामुंडेचं देऊळ आहे. येऊन-जाऊन अडीच ते तीन तास धरा.

पुढे पूर गावात कुकडेश्वर. कुकडी नदीचा उगम इथला. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी शिवमंदिरं बांधली असं परंपरा सांगते, त्यांतलं हे एक. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम उकिडवं बसून, खालच्या थरापासून वर बघत जा. उभ्याने बघणाऱ्यांच्या नजरेतून खालचा थर निसटतो. डबा इथेच खा आणि कागद, पिशव्या परत घ्या.

दुपारी तीनच्या सुमारास घाटघर ओलांडून नाणेघाट. पठारापर्यंत गाडी जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही चालेल. आधी वाटेच्या कडेचा दगडी रांजण दाखवा. कल्याण बंदरातून आलेला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर याच खिंडीतून चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा, आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची असं सांगतात. नाण्यांचा तो नाणेघाट, अशी लोकांची व्युत्पत्ती. काल शिवनेरीवर भेटलेला इरिल इथूनच चढून आला असणार.

खिंडीतून थोडं खाली उतरलं की मोठी चौकोनी गुहा लागते. घाईत लोक तिथे सावलीला बसतात, वेफर्स खातात आणि निघतात, भिंतीकडे बघतही नाहीत. त्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. तिने आणि तिच्या पतीने, सातकर्णीने, केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांचा हा हिशेब आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आकडे सगळ्यात मजेचे. १,७०० आणि २४,४०० असे आकडे यात आहेत, पण शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. समोरून टॉर्च मारला तर भिंत सपाट दिसते. मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षरं उठतात. भिंतीला हात लावू नका. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजपुत्रांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावं आणि कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मुलांना ती पावलं शोधायला लावा, दहा मिनिटं शांतता मिळते.

त्यानंतर नानाचा अंगठा नावाच्या कड्याच्या बाजूला जाऊन कोकण बघा. पावसाळ्यात इथे धबधबा वाऱ्याने उलटा वर फेकला जातो. फोटोसाठी त्याच्या काठाला जाणारे दरवर्षी दिसतात. वारा झोत बदलतो आणि कातळ निसरडा असतो, तेव्हा कड्यापासून निदान दहा पावलं मागेच थांबा. सूर्यास्त बघायचा मोह होईल, पण घाटघर ते जुन्नर रस्त्याला दिवे नाहीत आणि गुरं मध्येच बसलेली असतात. साडेपाचला निघा.

जीवधन आणि वानरलिंगीचा सुळका समोर दिसतो तो दुरूनच बघा. जीवधनसाठी वेगळा दिवस आणि वाटाड्या हवा.

चौथा दिवस: लेण्याद्री, ओझर आणि परतीची वाट

सामान गाडीत भरून सात वाजता लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, हाच आजचा चढ. माकडं प्रसादाच्या पिशव्या ओढतात, हातात काही दिसू देऊ नका. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. गिरिजात्मजाचं देऊळ सातव्या लेण्यात आहे, म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंच्या विहारात. एवढा मोठा मंडप एकाही खांबाशिवाय कोरला आहे, दर्शन झाल्यावर मान वर करून छत बघा. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन आहे, आणि दर्शनाला आलेले निम्मे लोक तिथे वळत नाहीत. तिथल्या लेखातला दाता सुलसदत्त कल्याणचा राहणारा. काल जी वाट वरून बघितली, तिच्या खालच्या टोकाचा माणूस.

गर्दीचा कंटाळा असेल तर लेण्याद्रीऐवजी जुन्नरच्या पश्चिमेची तुळजा लेणी. तिथलं चैत्यगृह गोल आहे: मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. असं गोल चैत्यगृह दुर्मिळ आहे आणि बहुतेक वेळा तुम्ही तिथे एकटेच असता.

तिथून ओझर. विघ्नहराचं देऊळ कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्याजवळ. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी शिखराला सोन्याचा मुलामा दिला असं सांगतात. चतुर्थीला जाऊ नका, बाकी दिवशी तासाभरात होतं.

पुण्याला परतणाऱ्यांनी नारायणगावाहून खोडदचा फाटा घ्यावा. शेतांतून जाताना एकदम प्रचंड जाळीदार तबकड्या दिसायला लागतात. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. आत जायला आधी परवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मात्र लोकांसाठी खास प्रदर्शन भरतं. एरवी रस्त्यावरूनही छान दिसतात, फक्त जवळ गेल्यावर मोबाईल बंद करा. लांबच्या आकाशगंगांतून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण असतो की तुमचा फोन त्याच्यापुढे ढोल बडवल्यासारखा आहे.

सोमवार असेल आणि नगरच्या दिशेला जायचं असेल तर आळेफाट्याहून बेल्हे. तिथला बैलबाजार पाहण्यासारखा आहे, आणि पुढे आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्याने कातळ पोखरून केलेला नैसर्गिक पूल आहे, त्याच्याखाली उतरून जाता येतं.

मुंबईकरांनी दुपारी दोनच्या आत ओतूर सोडावं. माळशेजमध्ये संध्याकाळी धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. टोमॅटो नारायणगावच्या रस्त्यावर घ्या, पण क्रेट नको, दोन-तीन किलोच. मागच्या खेपेला आम्ही अख्खा क्रेट घेतला आणि चाकणच्या कोंडीत तळाचे सगळे फुटले, गाडीला आठवडाभर वास येत होता.